थोरल्या मामांचा चेंडू

मोठ्या माणसांना गप्प बसवायला खेळणी लागतात, हा शोध औंधच्या सगळ्या टापूत आमच्या थोरल्या मामांनीच लावला, असं मी कुणाशीही पैजेवर सांगेन. फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि गावच्या पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष झाले. पहिल्याच बैठकीत पंचवीस जण एकदम बोलताना पाहून ते मुकाट उठून घरी गेले आणि पुढच्या बैठकीला एक पिशवी घेऊन आले. तिच्यात मामीनं शिवलेला चिंध्यांचा चेंडू, लाकडी भोवरा आणि एक खुळखुळा. चेंडू ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, भोवरा पडला की थांबायचं आणि मध्ये तोंड घालील त्यानं बैठक संपेपर्यंत खुळखुळा धरून बसायचं, तोही न वाजवता. माजी सरपंच दीड तास तसे बसले होते; मिशीवरची माशीसुद्धा त्यांना हाकलता आली नाही. "आवं सुभेदार, आमी काय पोरं हाय का?" म्हणून ते उखडले, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "पोरं आसता तर एवढं करावं लागलं नसतं."

मला मामांचा अभिमान वाटायचा आणि तितकाच रागही यायचा. अख्ख्या गावाला शिस्तीत बोलतं करणारा हा माणूस स्वतःच्या धाकट्या भावाशी नऊ वर्षं बोलला नव्हता. दोघांची विहीर एकच. उन्हाळ्यात पाणी आधी कुणी घ्यायचं, यावरून बिनसलं ते बिनसलंच. "त्याला म्हणावं, मोटार बंद कर," असं थोरले मामा मला सांगायचे, तेव्हा धाकटे मामा चार हातांवर उभे असायचे. बैठकीत ते दाराजवळ बसत. चेंडू सगळीकडे फिरे, तिथवर कधी पोचत नसे. एकदा मी धीर करून म्हणालो, "मामा, एकदा त्यांच्याकडं टाका की." "ती गावची बैठक हाय, घरची न्हाई," म्हणत त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं.

गेल्या वर्षी मामांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. तीन महिन्यांनी त्यांना खुर्चीत बसवून आम्ही बैठकीला नेलं. माजी सरपंचांनी चेंडू त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सवयीनं सगळे गप्प झाले. मामांचे ओठ हलले, शब्द फुटेना. भोवरा कुणी फिरवलाच नाही. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. बऱ्याच वेळानं मामांनी डाव्या हातानं चेंडू उचलून टाकला. तो मध्येच पडला, गडगडत गेला आणि दारापासून हातभर अंतरावर थांबला. धाकट्या मामांनी वाकून तो उचलला. "दादा," ते म्हणाले, "ह्या पाळीला पाणी आधी तुमी घ्या." मग चेंडू त्यांनी परत थोरल्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला.

आता धाकटे मामा रोज संध्याकाळी येतात, चेंडू थोरल्यांच्या मांडीवर ठेवतात आणि समोर बसतात. चेंडू दादांकडे आहे, म्हणून स्वतः अक्षर काढत नाहीत, नुसते वाट बघतात. तो चेंडू मामांनी वाचा होती तेव्हाच टाकायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.