तारा म्हणून हाक मारणारी

अगं विमल, अशी जवळ ये. तू तिकडं कोल्हारला, मी इकडं गोदेकाठी, पण जवळ बसल्यासारखं ऐक, आणि आधी माझी बोलणी खा. तुझी आई, माझी एस्तेर गेली आणि मला कार्ड टाकलंस ते बाराव्या दिवशी! कोल्हार काय लंकेत हाय? एस.टी.नं आले असते, मूठभर माती तरी टाकली असती... असो. एस्तेर मला कशी भेटली ते तिनं तुलाही पुरतं सांगितलेलं नसणार.

तेव्हा नुकतंच स्वातंत्र्य आलेलं, मतदारांच्या याद्या चाललेल्या. एस्तेर पुण्याला कॉलेजात. सुट्टीत कोपरगावच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारीला आली होती. सरकारी काम शिकायचं, शेवटी मामलेदाराचा दाखला घ्यायचा आणि त्यावर कचेरीतच नोकरी मिळवायची, हे तिचं ठरलेलं. बायकांची नावं बाईनंच विचारावीत म्हणून तिला गावोगाव धाडलेलं. आमच्या ओट्यावर येऊन टेकली तेव्हा तोंड उन्हानं लाल, जीभ जांभळी! कचेरीतली जांभळी पेन्सिल जिभेला लावून लिहायची खोड.

"नाव?" तिनं मला विचारलं.

"बंडूची आई लिवा," सासूबाई आतून म्हणाल्या. "नाव कशाला? दिल्लीला धाडायची हाय का तिला?"

"आजी, नाव न्हाई तर मत न्हाई."

आणि माझ्या तोंडून गेलं, "तारा."

ते माझं माहेरचं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'जानकी' लिहिलं, तेव्हापासून सासरी मला तारा कुणी म्हटलंच नव्हतं. तिला काय माहीत! तिनं लिहून टाकलं.

चार दिवसांनी पुन्हा हजर. मी विहिरीवर धुणं धूत होते. सासऱ्यांनी कचेरीत जाऊन सांगितलेलं, या नावाची बाई आमच्यात न्हाई. कारकून म्हणत होता, खोडा.

"तुला कोणतं ठेवायचंय?" ती म्हणाली.

असं मला कुणी विचारलेलं नव्हतं गं. आज भाजी कोणती, हेही सासूबाई ठरवायच्या. मी हळूच म्हटलं, "तारा... पन तुझं काय बिघडंल का?"

"माझं काय बिघडतंय!"

जाताना धुण्याच्या ओल्या दगडावर तिनं माझं नाव लिहून दाखवलं आणि पेन्सिलीचा तुकडा माझ्या हातात ठेवला. तीच माझी पहिली दोन अक्षरं. बाकीची मी चुलीपुढं कोळशानं गिरवली.

मतदानाला 'तारा' असा पुकारा झाला तेव्हा जाऊबाई इकडंतिकडं बघायला लागल्या. मी पुढं झाले.

तिला दाखला मिळाला नाही. नाव खोडलं नाही म्हणून. मला हे कळलं वीसेक वर्षांनी, तेही तिच्या भावाकडून. तोवर ती शाळेत मास्तरीण होऊन जुनी झालेली. मी रडले, भांडले. ती हसली, "अगं, दाखल्यानं मला चहा पाजला असता का?" पण एस.टी. कचेरीवरून गेली की ती मान वळवून बघायची. मी शेजारीच बसलेली असायचे...

दरवर्षी यायची. बांधावरूनच ओरडायची, "तारे, आधण ठेव!" आता माहेरचं कुणी उरलं नाही. घरात मी आई, आजी, मोठी काकू. दुपारी कुत्रं भुंकलं की अजून हात आधणाकडं जातो, मग आठवतं. पेन्सिल नखाएवढी उरलीय, कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलीय.

विमल, सुट्टी लागली की ये. मावशी-बिवशी काही म्हणू नकोस. बांधावर उभी राहा आणि मोठ्यानं, तिच्यासारखी, नावानं हाक मार.