बोळातलं अंजीर

दर गुरुवारी सकाळी सात ते नऊ या वेळेत आमच्या स्वयंपाकघरातून वीसेक बायका आरपार जात असत. आम्ही कोणालाही बोलावलेलं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा संस्थान विलीन होऊन दोनेक वर्षं झाली होती. राजारामपुरीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. तिथल्या एका बैठ्या घरात मी आणि माझी बायको कमल, असा आमचा नवा संसार होता. मी हायस्कुलात भूमिती शिकवायचो (हे ध्यानात ठेवा, पुढे माझी अब्रू यावरूनच गेली). घराची एक भिंत शेजारच्या घराला चिकटलेली. दुसऱ्या बाजूला साडेचार फुटांचा बोळ आणि त्यापलीकडे आमच्या शेजारीण आक्कांच्या कंपाउंडाची भिंत. स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी त्या बोळात उघडायची.

कमल गगनबावड्याची. माहेरी खिडकी उघडली की सगळं हिरवंगार, आणि इथं उघडली की आक्कांच्या विटा. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "इथं एक प्राजक्त लावूया की. आमच्या मागल्या दारी होता. सकाळी नुसता सडा पडायचा."

"फळ काय येतं त्याला?" मी विचारलं.

"फुलं येतात की."

"आणि त्या फुलांचं काय करायचं?"

"वेचायची," म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी मात्र कामाला लागलो. आलेखाच्या कागदावर बोळाचा नकाशा काढला, उन्हाचे कोन मोजले आणि गल्लीत सल्ला विचारत फिरलो. ती माझी पहिली चूक. लिंबू लावावं तर काटे, शेवगा लावावा तर घरात भांडणं, पेरू लावावा तर माझेच विद्यार्थी कौलांवर दगड मारणार! शेवटी अंजीर ठरलं. लहानखुरं झाड, पौष्टिक फळ आणि नाव घेतलं तरी घरंदाज वाटतं. कमल म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल ते आणा." आणा म्हणाली एवढंच मी ऐकलं.

रविवारच्या बाजारात गडहिंग्लजकडचा एक रोपंवाला बसायचा. त्यानं अंजिराचं रोप पुढं केलं. त्याची पानं जागोजागी कातरल्यासारखी होती.

"हे किडीनं खाल्लंय," मी म्हणालो.

"अवो मास्तर, अंजिराचं पान असंच असतंय."

"मला शिकवू नका. ते डब्यातलं दाखवा, अख्ख्या पानांचं."

"ते मी आणलेलं न्हाय. डब्यात आपोआप उगवलंय. कशाचं हाय मलाबी ठावं न्हाय."

मी एक पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला. अंजिराला चीक असतो, याला चीक आहे, म्हणून हे अंजीर. इतकी सरळ सिद्धता मी वर्गातही कधी मांडली नव्हती! रोपंवाल्यानं हात जोडले. "न्या मास्तर, फुकट न्या."

खिडकीखाली, घराच्या भिंतीला लागून मी ते लावलं. कमल रोज तांदळाचं धुवण घालायची. पहिल्या वर्षी झाड खिडकीला आलं, दुसऱ्या वर्षी कौलांना लागलं, तिसऱ्या वर्षी कौलं उचलू लागलं. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. मी शाळेत सगळ्यांना सांगायचो, जमिनीत कस आहे. चौथ्या वर्षी फळं धरली, तीही फांदीवर नाही, थेट खोडावर घोसच्या घोस. मी आक्कांना मुद्दाम बोलावलं आणि त्यांच्यासमोर एक फळ ऐटीत फोडलं. आतून चिलटं उडाली.

आक्कांनी आधी चिलटांकडे, मग झाडाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. डोक्यावर पदर घेऊन त्यांनी हात जोडले.

"मास्तर, हे अंजीर न्हाय. उंबार हाय. दत्तम्हाराज हाईत."

"मग काढून टाकतो."

"काय बोलतासा? उंबार तोडतंय व्हय कोण?"

खरंच कोणी तोडेना. कुऱ्हाडवाला आला, झाड बघितलं, पायताण काढून नमस्कार केला आणि निघून गेला. माझ्या हातात कुऱ्हाड द्यायची तर कौलांची काळजी होती.

पुढच्या गुरुवारी आक्का पूजेचं ताट घेऊन हजर. मागं गल्लीतल्या चार बायका. पूजा झाली, आता प्रदक्षिणा. झाडाच्या एका अंगाला बोळ होता. दुसऱ्या अंगाला आमचं घर होतं.

"फिरायचं कसं वो मास्तर?" आक्कांनी विचारलं. "तुमी भूमितीचं की."

आणि मी, देवानं वाचा दिली म्हणून, उत्तर दिलं! बोळातून मागल्या अंगणात, मागल्या दारानं स्वयंपाकघरात, तिथून बाहेरच्या खोलीत, पुढल्या दारानं बाहेर आणि परत बोळात. वर्तुळ पुरं. बायकांना ते इतकं पटलं की दोन महिन्यांत चाराच्या वीस झाल्या. प्रत्येकीच्या अकरा प्रदक्षिणा. मी तोंडाला साबण लावून दाढीला बसलेला असायचो आणि समोरून नामस्मरण करत रांग जायची. एकदोघी जाता जाता मलाही नमस्कार करायच्या. कमल चूल आणि पाण्याची घागर यांच्यामध्ये अंग चोरून उभी असायची. रांग पुरी गेली की हसत बसायची. तक्रार तिनं एकदाही केली नाही.

त्या वर्षी ती माहेराहून आली ती ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं प्राजक्ताचं रोप घेऊन. एसटीत सबंध वाट मांडीवर धरून आणलं होतं. साडीला चिखल लागलेला. ती बोळात उभी राहिली. वर उंबराचं छप्पर, खाली मुळ्या, उन्हाचा एक कवडसा नाही. मी टेप घेऊन धावलो. या टोकापासून मोजलं, त्या टोकापासून मोजलं.

"राहू दे," ती म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. मला मात्र त्या क्षणी माझी लाज वाटली. चार वर्षांत या बाईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

रोप आक्कांच्या अंगणात लागलं. फुलायला लागलं तेव्हा निदान चार फुलं तरी भिंतीवरून आमच्याकडे पडतील म्हणून मी रोज बोळात जाऊन बघायचो. पण उंबराची सावली चुकवत ते झाड पार पलीकडे कललं. सगळा सडा आक्कांकडे. मग कमल रोज सकाळी परडी घेऊन तिकडे जाऊ लागली. दोघींचं हसणं मला भिंतीवरून ऐकू यायचं. मी चहाची वाट बघत बसायचो. ते ऐकताना बरंही वाटायचं आणि आपण फार मागं राहिल्यासारखंही वाटायचं.

आता ती नाही. हल्ली परडी घेऊन मीच जातो. परवा फुलं वेचताना माझी कंबर धरली. आक्कांनी हाताला धरून पायरीवर बसवलं.

"तिला एक झाड द्यायचं जमलं नाही मला," मी म्हणालो.

आक्कांनी माझी परडी उचलून पायरीवर ठेवली. "तुमी ते बरोबर लावलं असतंसा, तर ती माज्याकडं आली नसती की वो मास्तर. तीस वर्सं माजी सकाळ तिच्यामुळं बरी गेली."

म्हणजे जन्मभर हिशेबानं वागून माझ्या हातून एकच गोष्ट चांगली घडली. तीही चुकून, आणि भिंतीच्या पलीकडे.