भावजींच्या खोलीतलं सरकतं सामान

आमच्या भावजींच्या घरी एकदा मुक्काम केलेला माणूस पुढे जन्मभर कुठल्याच उशीवर पुरता विश्वास ठेवू शकत नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार करडी, धंदा धानाची शेती आणि जादू. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा बाजार आणि दंडारीची नाचगाणी, मग नाटक. नाटकाचा पडदा उघडण्याआधी भावजी काळा कोट घालून स्टेजवर येतात आणि रुमालाचं कबुतर करतात. हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. मात्र त्या जादूला सामान लागतं आणि ते सामान त्यांच्या घरात असतं, हे कुणालाच ठाऊक नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. कुणी विचारलंच तर ते दुखावल्यासारखे होत. "सामान कायचं? हात पुरते," एवढंच म्हणत आणि विषय धानाच्या भावावर नेत.

अडचण जागेची होती. मागच्या खोलीत धानाची पोती आणि उंदीर, मधल्या खोलीत चूल आणि माझी बहीण. ताईला तर जादूतलं अक्षर कळता कामा नये, कारण बायकोला गुपित कळलं की हात जड होतो असं त्यांना जादू शिकवणाऱ्या फिरत्या जादूगाराने बजावलं होतं. उरली पुढची खोली. तिथे पाहुणे उतरत, आणि मंडईच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसे. तेव्हा सगळं सामान पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर, पण सामान वाटणार नाही अशा बेताने मांडलेलं असे. परिणाम असा की त्या खोलीतली कुठलीच वस्तू दिसे ती नव्हती. भिंतीवरच्या आरशात मी भांग पाडायला गेलो की माझा उजवा कान गायब होई. उशीला कान लावला की आत काहीतरी सुळसुळे. एकदा मी शिवणीतून बाहेर आलेला धागा ओढला, तर हिरवा रुमाल आला, त्याला बांधलेला पिवळा आला, मग लाल, आणि मी घाबरून सगळे परत कोंबले. कोपऱ्यात जुना रेडिओ होता. आंधळगावचे एक म्हातारे पाहुणे बातम्या लागाव्यात म्हणून त्याचं बटण पिरगाळत बसले, तेव्हा आतून घुमण्याचा आवाज आला. आवाज खराब येतोय म्हणत त्यांनी रेडिओला एक थाप मारली, तशी फडफड झाली. त्यानंतर ते मंडईला आले तरी मुक्कामाला थांबत नसत.

माझ्या मामांची तर गत निराळीच झाली. मामा आंबागडचे, भाविक माणूस. त्यांनी खोलीतल्या पितळी लोट्याने पाय धुतले, लोटा उपडा करून ठेवला. थोड्या वेळाने सहज सरळ केला तर त्यात पाणी. ते ओतलं, पुन्हा पाणी. मामांनी लोट्याला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मुलाला नोकरी लागू दे म्हणून नवस बोलले. भावजी दारात उभे राहून सगळं पाहत होते. लोट्याला चोरकप्पा आहे असं सांगावं तर गुपित फुटतं, न सांगावं तर देवाच्या नावाने फसवणूक होते. शेवटी त्यांनीही येऊन लोट्याला हात जोडले. पुढे मामांच्या मुलाला खरंच नोकरी लागली, तेव्हा तर भावजींचा अधिकच गोंधळ उडाला.

पण त्या खोलीत याहूनही एक चमत्कारिक गोष्ट घडत असे आणि ती भावजींनी फक्त मला सांगितली होती. सामान आपणहून जागा बदलतं. घड्याळामागे ठेवलेलं लाकडी अंडं गोधड्यांच्या तळाशी सापडतं. खुंटीवर उघडी टांगलेली छडी पाहुणे यायच्या वेळी छपराच्या बांबूत जाऊन बसलेली असते. "वस्तूत जीव रायते बापा," ते चहा बशीत ओतता ओतता हळू आवाजात म्हणत. "बाकी सारी हातचलाखी. हे मात्र माह्या हातचं नाही. तुले का वाटते?" मी म्हणे, "मला काही कळत नाही, भावजी." हे उत्तर त्यांना फार आवडे. दर भेटीत ते विचारत, आणि दर भेटीत मी मनापासून तेच सांगे. छोट्या शेतकऱ्याच्या अंगावर काळा कोट चढला म्हणून तो जादूगार होत नाही, हे त्यांना कळत होतं. त्या सरकणाऱ्या अंड्यामुळेच ते स्वतःला जादूगार समजत, असं मला वाटतं.

मग एका मंडईला माझ्या भाचीला, ताईच्या मुलीला, पाहायला आंधळगावची मंडळी आली. स्थळ मनासारखं होतं, पोरगी आणि मुलगा दोघंही खूश होती. घरात इतके पाहुणे की भावजींना सामान लपवायला जागाच उरली नाही. त्यांच्याकडे एक जादूचा नारळ होता. दोन करवंट्या जोडलेला, आत रेशमी फिती. नारळात नारळ कोण ओळखणार, असा विचार करून त्यांनी तो ओटीच्या नारळांच्या टोपलीत ठेवून दिला. ताई त्या दिवशी वडे तळण्यात बुडालेली. निघायच्या वेळी तिने मुलाच्या आईची ओटी भरली, आणि नारळ पदरात पडताना मी भावजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता.

गप्प राहावं तर ओटीत पोकळ नारळ दिला हे घरी गेल्यावर फुटणार आणि पोरीचं जुळत आलेलं लग्न मोडणार. बोलावं तर इतक्या वर्षांचं गुपित ताईसमोर उघडं पडणार. मंडळी अंगणात पोचली तेव्हा भावजी चप्पल न घालता मागे धावले.

"बाई, तो नारळ वापस द्या जी," ते म्हणाले. "तो खोटा हाय. माह्या जादूचा हाय."

मुलाच्या आईने नारळ हलवून पाहिला, मग पदराआड हसल्या. "खोटा हाय त खरा करून दाखवा ना जी," त्या म्हणाल्या. भावजींनी भर उन्हात, कोटाशिवाय, त्या नारळातून फिती काढल्या. सगळी मंडळी हसली, लग्न पक्कं झालं. ताई दुसरा नारळ घेऊन आली आणि सहज म्हणाली, "टोपलीत कायले ठेवला जी? मले सांगतले असते त मी दुसरीकडं ठेवला असता. अंडा नाही का मीच हलवत होती, पावन्याच्या हाती नोको लागाले म्हणून."

भावजी हसले, पण उशिरा हसले. मंडळी गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हणजे ते आपोआप नव्हतं सरकत?" त्या दिवशी स्टेजवर त्यांच्या हातून रुमाल पडला.

यंदा गेलो तर खोलीत नवं लोखंडी कपाट होतं, कुलूप लावलेलं. आरशात मला दोन्ही कान दिसले. उशीत निव्वळ कापूस होता, आणि मला झोप लागली नाही. भावजी शांतपणे धानाच्या भावाबद्दल बोलत राहिले. मला फार वाईट वाटलं.

सकाळी भावजी शेतावर गेलेले असताना ताई खोलीत आली. कमरेच्या पिशवीतून तिने कपाटाची दुसरी किल्ली काढली, कपाट उघडून लाकडी अंडं घेतलं आणि घड्याळामागे ठेवलं. कुलूप पुन्हा लावलं. मी पाहत होतो. "रिकामे रिकामे फिरतेत रे घरात," ती म्हणाली, "मले नाही पायवत."

भावजी आले, घड्याळाला चावी द्यायला हात वर केला आणि तसेच उभे राहिले. कपाटाकडे पाहिलं, कुलूप ओढून पाहिलं, मग मधल्या खोलीकडे पाहिलं. तिथे ताई पाठमोरी भाकरी थापत होती. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग अंडं हातात घेऊन माझ्याजवळ येऊन बसले.

"सरकला," ते हळूच म्हणाले. "तुले का वाटते?"

"मला काही कळत नाही, भावजी," मी म्हणालो. इतकी वर्षं हे वाक्य मी खरं बोलत आलो होतो. त्या सकाळी पहिल्यांदाच खोटं बोललो, आणि मला वाटतं, ते त्यांनाही कळलं.