कॅनडातून मढला गेलेला फोन

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी वर्सोव्याहून फेरीबोट पकडून मढला गेले... एका बाईंची माफी मागायला. माझं वय वर्षं बावन्न, आणि बोटीत माफीची वाक्यं मात्र शाळेतल्या कवितेसारखी घोकत होते.

झालं असं की, वर्षभर मी कॅनडातल्या मासिकांकडे लिहायचं काम मागत होते. इथल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांचं मानधन म्हणजे... जाऊ दे. लेक म्हणाली, आई, तुझं इंग्रजी बरं आहे, बाहेर का नाही पाठवत?

शोधाशोध केल्यावर कळलं की तिकडची बरीच मासिकं आपल्या वेबसाइटवर स्वच्छ लिहून ठेवतात... कसले विषय हवेत, किती शब्द, मानधन किती. आधी पूर्ण लेख पाठवायचाच नाही. विषय काय आणि तो तुम्हीच का लिहावा, एवढंच पानभरात मांडायचं. याला पिच म्हणतात.

माझ्या आठ पिच वाया गेल्या. काहींनी नम्रपणे नाही म्हटलं, काहींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मी भारतीय लग्नं, भारतीय मसाले असलं काहीबाही पाठवत होते, जे त्यांच्याकडे ढिगाने येत असणार. नववी पिच मढच्या सुक्या बोंबलांची होती... आणि खाण्यापिण्यावरच्या एका मासिकाने ती घेतली. मी नाचायचीच काय ती बाकी होते.

हिराताई मढच्या. पासष्टीच्या आसपासच्या. बोंबील वाळवतात आणि अंधेरीला आमच्या बाजारात विकायला बसतात. पंधरा वर्षं मी त्यांच्याकडूनच घेते. दोन सकाळी त्यांच्याबरोबर बसले, वही भरली, लेख पाठवला.

संपादकबाईंना आवडला. विशेषतः हिराताईंचं एक वाक्य... 'समुद्र आमची आई आहे, ती लेकरांना कधी उपाशी ठेवत नाही.'

मग मेल आला. छापण्याआधी आमची फॅक्ट-चेकर हिराताईंना फोन करेल, नंबर द्या. लेखातली प्रत्येक गोष्ट खरी आहे का, हे तपासणं हेच तिचं काम. त्यासाठी मुद्दाम मराठी येणारी मुलगी शोधली होती त्यांनी, मूळची नागपूरची. मी नंबर दिला आणि निवांत झाले. इतकी वर्षं लिहितेय, असं कोणी कधी तपासलंच नव्हतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी हिराताईंचाच फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"असा मी कवा बोलली गं? ती पोर वाचून दाखवते, तुमी असं म्हणालात का... मी बोलली, नाय!"

आणि खरंच, त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. समुद्र आई असल्याचं ते वाक्य माझं होतं. पुरवण्यांमध्ये मी कायम असंच करत आले... माणूस चार तुटक वाक्यं बोलतो, आपण त्याचं एक गोळीबंद वाक्य करतो. यालाच खोटं म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा मी विचारलं नव्हतं.

पाठोपाठ संपादकबाईंचा मेल. दोनच ओळी. हे वाक्य तुम्ही रचलंय का? तसं असेल तर लेख घेणं कठीण आहे.

भाषांतरात घोटाळा झाला, असं लिहायला बोटं शिवशिवत होती. नाही लिहिलं. हो, रचलंय... एवढंच उत्तर पाठवलं आणि आता वाट लागली असं समजून बसले. लेख गेला तर गेला, पण हिराताईंना तोंड कसं दाखवायचं, हे कळेना. म्हणून तो शनिवार.

त्या बांबूंवर बोंबील लावत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"उपाशी ठेवत नाय म्हणे... पोरा ल्हान होती तवा एक साल बोटीला मासळीच नव्हती. तुमच्या अंधेरीला येऊन तीन घरची भांडी घासली मी. पेज पिऊन ऱ्हायलो. नि तू कॅनडावाल्यांना सांगतेस, उपाशी ठेवत नाय."

पंधरा वर्षांची ओळख... आणि हे मला ठाऊकच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं ना. मला लेखासाठी आईसारखा समुद्र हवा होता, तो मी करून घेतला. इतकी लाज वाटली की काय सांगू.

"हे लिहू का?" मी विचारलं.

"लिव. पण मी बोलली तसाच. नि आधी मना वाचून दाखव."

तिथेच बसून वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'मोठ्या कष्टाने तीन घरची भांडी घासली' इथे त्यांनी मला थांबवलं. "मोठ्या कष्टाने कशाला? भांडी घासली, लिव." सवय जात नाही हो लवकर... खोडलं.

नवा मजकूर आणि वहीच्या सगळ्या पानांचे फोटो संपादकबाईंना पाठवले. आठवडाभर उत्तर नाही. मग एक दिवस बाजारात हिराताईच म्हणाल्या, "आला होता तुझ्या कॅनडाचा फोन. सगला वाचला तिने. मी बोलली, हो, मीच बोलली."

लेख घेतलाय. रीतसर मानधन मिळणार आहे. त्या नागपूरच्या मुलीचे आणि हिराताईंचे आभार मानावे तेवढे कमीच.

आता बरेच जण विचारतायत, तिकडे लिहायला काय लागतं? गाइडलाइन्स नीट वाचा, पिच छोटी ठेवा, आणि जे दुसरं कोणी पाठवणार नाही ते पाठवा. बाकी मी काही फार मोठी जाणकार नाही.

परवा माझ्या जुन्या कात्रणांची फाइल काढून बसले होते. घाटकोपरची नर्स, मुलुंडचे निवृत्त पोस्टमन, भांडुपच्या पोळीभाजीवाल्या काकू... सगळे किती सुंदर बोलतात. सगळे अगदी एकसारखेच सुंदर बोलतात. त्यांच्यातल्या कोणालाच कोणी फोन केला नव्हता.