मिरचीच्या पानांतला पिवळा

जालन्याला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत मी रोगतपासणीच्या, बारीक घरांच्या प्लेटा धुवायचो. सातवीतून शाळा सोडून, रत्नागिरीकडच्या खाडीकाठावरून इतक्या लांब आलेल्या माणसाला तिथल्या मुख्य मॅडमनी पांढरा कोट घातला, हे उपकार मी कधी विसरलो नाही. पण भीती कायम. प्लेट नीट धुतली गेली नाही की निरोगी पानाच्या रसालाही रंग चढतो, आणि मग सगळे माझ्याकडे बघणार.

त्या हिवाळ्यात केदारखेड्याच्या एका मावशींच्या बीजप्लॉटची मिरचीची पानं आली. हिरवीगार, एक सुरकुती नाही. तरी प्लेटीतली सगळी घरं पिवळी झाली. पिवळं म्हणजे विषाणू, आणि विषाणू म्हणजे अख्खा प्लॉट उपटून जाळायचा. मी पुन्हा धुतलं, पुन्हा लावलं. पुन्हा पिवळं. भर दुपारी ती प्लेट खिडकीशी धरली, तर पिवळ्या डोळ्यांची रांग माझ्याकडे बघत होती.

मावशी स्वतः आल्या. "झाडं हासून राह्यलीत म्याडम, अन् तुमी म्हणता आजारी?"

मॅडम मला म्हणाल्या, "धुण्यात तुझी चूक नाही. प्रतिपिंडंच खरं बोलतात का, ते बघू."

प्लेटीत विषाणूला धरून रंग आणणारी ही प्रतिपिंडं सशाच्या रक्तातली. विषाणूच्या प्रथिनाचा बारीक तुकडा सशाला टोचला, की त्याचं रक्त तो तुकडा ओळखायला शिकतं. मॅडमनी तोच तुकडा प्रतिपिंडांत आधीच भरपूर मिसळला. त्यांची तोंडं अशी भरली, म्हणजे पानातला विषाणू ती धरणार नाहीत. रंग गेला तर रोग खरा. रंग राहिला तर ती दुसरंच काही धरतात.

"म्हंजी पिवळं न्हाई गेलं, तर माझा प्लॉट वाचला?"

"बरोबर, मावशी."

पिवळं व्हावं म्हणून मी पहिल्यांदाच मनात हात जोडले. तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेल्या, खरोखर रोगट पानाच्या घरात रंग आलाच नाही. मावशींची घरं मात्र हळूहळू भरत गेली. तोंडं तर भरलेली, मग ती धरून बसलीत कुणाला?

मॅडमनी विचारलं, "झाडांवर काय फवारलंत?"

"दूध. मिर्चीला रोग लागू न्हाई म्हणून. सासूबी मारायची. गाय घरचीच हाय."

मॅडम खुर्चीत बसल्या. तो तुकडा इतका लहान, की ससा त्याची दखल घेत नाही. म्हणून टोचताना तो गाईच्या रक्तातल्या एका प्रथिनाला जोडतात. ते दुधातही असतं. सशानं दोन्ही लक्षात ठेवलं होतं, म्हणून पानांवरच्या दुधालाही रंग चढत होता.

"ससा कुठं हाय तो?" मावशींनी विचारलं.

"मेला असेल केव्हाच."

"अन् वळख ठेवून राह्यलाय अजून," मावशी हळूच म्हणाल्या.

खात्रीसाठी, फवारणीनंतर फुटलेले, दूध न लागलेले शेंडे आणायला मला प्लॉटात पाठवलं. वारा पडलेला. जुन्या पानांवर दुधाचा पांढरा पापुद्रा. त्या ओळींतून मी अंग चोरून चाललो. पानाला हात लागला, तर मलाही कुणीतरी ओळखेल असं वाटत होतं.

शेंड्यांची प्लेट पाण्यासारखी स्वच्छ निघाली. मावशींनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली.

"मंग उद्या तोडणीला बाया सांगते," त्या म्हणाल्या, आणि घाईघाईनं भोकरदनच्या गाडीकडे निघाल्या.