ताप उतरला त्या दुपारी

माझ्या भक्तीचा मला थोडा तोराच होता, हे आधी कबूल करते. ह्यांची बँकेतून लखनौला बदली होऊन चार वर्षं झाली होती. विकास नगरमधल्या आमच्या घरी दर गुरुवारी दत्ताची आरती व्हायची, आणि शेजारणी अडीअडचणीला माझ्याकडून अंगारा न्यायच्या. त्यामुळे नव्वदीच्या दशकातल्या एका मार्चमध्ये ह्यांच्या पाठीवरचं गळू चिघळलं, तेव्हाही मी अंगाराच लावत बसले. मधुमेह असलेल्या माणसाचे चार दिवस मी असे घालवले. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गळू चिरलं आणि सांगितलं, विष रक्तात पसरलंय, जिवाला धोका आहे.

हे तापाने फणफणले होते. खाटेशेजारी स्टुलावर बसून मी जप धरला. ताप उतरल्याशिवाय उठणार नाही, असं देवाला बजावलं, जणू तो आमच्या घरचा गडीच. तिसऱ्या दिवशी दुपारी कपाळाला हात लावला तर गार! थर्मामीटरमधला पारा नेहमीपेक्षाही खाली. दोन दिवस तळमळणारे हे अगदी शांत पडले होते. मी आनंदाने रडले, आणि फाटकाबाहेरच्या दुकानातून पेढे आणून वॉर्डात वाटायला निघाले.

पहिला पेढा ड्यूटीवरच्या सिस्टरपुढे धरला. तेलीबागहून येणारी, पन्नाशीची, मोजकं बोलणारी बाई. तिने पेढा घेतला नाही. ह्यांच्या पावलांना हात लावून पाहिला, घड्याळ धरून श्वास मोजले, मग लघवीची पिशवी उचलून बघितली. सकाळपासून तिचा तळ जेमतेम ओला झाला होता.

"माताजी, इनका नाम लेकर ज़ोर से बुलाइए।"

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी "अहो, अहो" करत राहिले, ह्यांनी डोळे उघडले नाहीत. शेवटी लाज सोडून "वसंत!" म्हणून ओरडले. त्यांनी पाहिलं, पण मला ओळखलं नाही. "साहेब आले का?" एवढंच पुटपुटले.

"ये आराम नहीं है, माताजी। शरीर हार रहा है," सिस्टर म्हणाली, आणि धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

ऑक्सिजन लागला, सलाईन वाढलं, औषध बदललं, गळू पुन्हा चिरून साफ केलं. डॉक्टर नंतर म्हणाले, वय, मधुमेह, आणायला झालेला उशीर, सगळं ह्यांच्या विरुद्ध होतं. वेळेवर लक्षात आलं, तेवढं एक बाजूने होतं. उशीर माझा होता. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याने ह्यांनी चहा मागितला. त्या दिवसांत मी सिस्टरलाच न्याहाळत राहिले. प्रत्येक खाटेपाशी तेच. पावलं, श्वास, पिशवी. कंटाळा नाही की गाजावाजा नाही. इतकी वर्षं जपमाळ ओढूनही माझं मन असं कधी लागलं नव्हतं. शरण गेले म्हणत मी देवाला अट घालत होते, आणि समोरच्या माणसाकडे माझं लक्षच नव्हतं. जप आजही करते. अट घालत नाही.

घरी निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले, तशी ती चटकन मागे सरली.

"आपको भगवान ने भेजा था," मी म्हणाले.

"अरे नहीं माताजी," ती हसली, "हमारी तो ड्यूटी लगी थी।"

ती ड्यूटी ज्याने लावली, त्याला मी तिथेच वॉर्डाच्या दारात हात जोडले.