भुईआवळीला दिलेलं नाव

“नाव सांगा,” सोनाबाई म्हणाली. “नावाबिगर झाड येत न्हाई.”

चऱ्होलीत तिच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. दुपार कलली होती. माझ्या शेजारी चार परदेशी विद्यार्थी वह्या उघडून वाट पाहत होते आणि माझ्याकडे सांगण्यासारखं नाव नव्हतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीजवळच्या एका लहान औषध कंपनीत मी वनस्पती विभागात होतो. आलेला पाला, मुळ्या ओळखायच्या, वाळवायच्या, लेबल लावून कपाटात ठेवायच्या, एवढंच काम. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत युरोपातून चौघं आले होते. त्यांचा विषय होता देशी औषधांचा सांस्कृतिक वारसा. आमच्याकडे सोनाबाईला कुणी वारसा म्हणत नसे. कावीळ झाली की तिच्याकडे जात आणि बरं वाटलं की विसरून जात.

निघताना आमचे कर्णिकसाहेब म्हणाले होते, “मोरे, डेमॉन्स्ट्रेशन झालंच पाहिजे. हे लोक परत जाऊन लिहिणार आहेत.”

“पेशंट नसला तर, सर?”

“मॅनेज करा. आणि उद्या दहाला जीप परत हवी. पाहुण्यांना मोठ्या साहेबांकडे जेवण आहे.”

माझं कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की झाल्याचा कागद, त्यांच्या सहीवाचून अडला होता. त्यामुळे मी मॅनेज करायला तयारच होतो.

सोनाबाईची पद्धत अशी. औषधाचं झाड वाटेल तेव्हा उपटायचं नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्यापुढे हळद-कुंकू, तांदूळ, सुपारी ठेवायची आणि सांगायचं, उद्या तुला अमक्यासाठी न्यायला येते. याला ती आवतन म्हणे. पहाटे न बोलता, आपली सावली पडू न देता झाड मुळासकट काढायचं. त्यासाठी रोग्याचं नाव लागतं.

“मारुती रामा,” मी ठोकून दिलं. “काळेवाडीचा.”

“काय करतो?”

“गवंडी आहे.”

“घरात कोन?”

“आई. आणि एक धाकटा भाऊ. लग्न झालेलं नाही.”

थाप मारायला बसलं की तपशील आपोआप सुचतात. काळेवाडीत मी तोवर पाऊलही टाकलेलं नव्हतं. सोनाबाईनं मान डोलावली आणि उठून आत गेली. विद्यार्थ्यांतल्या हेल्गाने सगळं मला दोनदा विचारून लिहून घेतलं. तिचं अक्षर फार सुबक होतं.

सूर्य टेकला तेव्हा आम्ही बांधावर गेलो. भुईआवळी हे काविळीवर देतात ते वीतभर उंचीचं झुडूप, पावसाळ्यात कुठेही उगवतं. संध्याकाळी त्याची पानं मिटतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी सोनाबाई वाकून “मारुती रामा, काळेवाडीचा” असं म्हणाली आणि समोरच्या झुडपाची पानं हळूहळू मिटत गेली, तेव्हा मला तिथे उभं राहवेना.

“ते ऐकतं का?” हेल्गाने विचारलं.

मी भाषांतर केलं. सोनाबाई म्हणाली, “ऐकतं. म्हून तर खोटं नाव द्येऊ नये.”

हे शेवटचं वाक्य मी हेल्गाला सांगितलं नाही.

रात्री शाळेत मुक्काम केला. पहाटे पुन्हा बांधावर. सोनाबाईनं झुडूप मुळासकट काढलं, पदराखाली घेतलं आणि परत ओट्यावर येऊन बसली. झाड दाबून ठेवायला हेल्गाने टीपकागदाची घडी उघडून ठेवली होती. पेशंट नाहीच, म्हणजे झाड आमच्या कपाटात जाणार, असा माझा हिशेब.

“द्या, बाई,” मी म्हणालो. “औषध आम्हीच पोचवतो काळेवाडीला.”

“तुमी कशाला? त्यो यील की. मी निरोप धाडलाय.”

“निरोप?”

“काल तुमी नाव दिलं तवाच, गवळ्याबरूबर. काळेवाडीवरनं पिंपरी कॅम्पात दूध घालाया जातो त्यो. ज्याचं आवतन त्याला निरोप द्यावाच लागतो. उपाशीपोटी यायचं आसतं.”

ही रीत मला माहीत नव्हती. काळेवाडीत मारुती नावाचा माणूस असणारच. कुणीतरी धडधाकट मारुती शिव्या घालत येईल आणि पाहुण्यांपुढे माझी शोभा होईल, एवढीच भीती तेव्हा वाटली.

ऊन अंगणात आलं तशी बैलगाडी आली. पुढे एक म्हातारी बसली होती. मागे कडब्यावर पंचविशीचा माणूस आडवा. त्याच्या डोळ्यांत पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं, सगळं हळदीसारखं पिवळं. तो मधूनच काहीतरी बरळत होता.

“ह्यो मारुती का?” सोनाबाईनं विचारलं.

“न्हाई,” म्हातारी म्हणाली. “ह्यो नामा. धाकटा. मारुती जाऊन आज नऊ दिस झाले. ह्याच दुखन्यानं.”

माझ्या हातातली वही खाली पडली. ती हेल्गाने उचलली.

म्हातारी सांगत गेली. मारुती गवंडी होता. तो गेला आणि तिसऱ्या दिवशी नामाचे डोळे पिवळे झाले. घराला सुतक. दहाव्यापर्यंत कुणाच्या दारी जायचं नाही, म्हणून नामाला घेऊन ती घरातच बसून होती. काल अंधार पडताना गवळी दारात उभा राहून ओरडला, मारुती रामाला चऱ्होलीला बोलावलंय, औषध तयार हाय.

“ज्याचं सुतक धरलं त्याच्याच नावानं बोलावनं आल्यावर मी काय करनार?” ती म्हणाली. “नाव कोनी दिलं?”

सोनाबाईनं माझ्याकडे बोट केलं.

म्हातारी माझ्याजवळ आली. रागावली नव्हती. “लेकरा, तुला कुठं भेटला त्यो?”

मी गाडीतल्या नामाकडे वळलो. हेल्गा विचारत होती, ती काय म्हणतेय? ते मी सांगितलं नाही.

सोनाबाई झुडूप हातात धरून बसून होती. “आवतन थोरल्याचं हाय. धाकट्याला कसं द्यू?”

“थोरल्यानं धाकट्यासाठीच दिलं असंल,” म्हातारी म्हणाली.

सोनाबाईनं झुडूप ताकात वाटायला घेतलं. पण वाटी तोंडाला लावली तर नामाला गिळता येईना. ताक हनुवटीवरून ओघळलं. एवढं मात्र माझ्यासारख्यालाही कळत होतं की हे काम आता सोनाबाईचं राहिलेलं नाही. मी ड्रायव्हरला म्हणालो, “याला उचला. पुण्याला सरकारी दवाखान्यात.”

“आन् साहेबांचं जेवण?”

“जेवतील ते आपापले.”

विद्यार्थ्यांना ओट्यावर सोडून आम्ही निघालो. म्हातारी नामाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी माझ्याकडे बघत होती. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरात ठेवला असता तर हाती लागला नसता.

विद्यार्थ्यांना घेऊन जीप तिन्हीसांजेला परत आली. कर्णिकसाहेबांनी मला उभं केलं.

“मोरे, त्या माणसाला तुम्ही ओळखत होता?”

“नाही, सर.”

“मग नाव कुठून आणलंत?”

“माहीत नाही, सर.”

त्यांना मी उडवाउडवी करतोय असं वाटलं. कन्फर्मेशन सहा महिने पुढे गेलं. पण मी खरं तेच सांगत होतो. पुष्कळ आठवून पाहिलं. काळेवाडीचा कुणी ओळखीचा नव्हता, घर बांधायला काढलेलं नव्हतं. मारुती हे नाव कुठेही सापडतं, ते सोडून देऊ. पण गवंडी, आई, धाकटा भाऊ हे मला कुणी सांगितलं?

दोन महिन्यांनी वॉचमनचा निरोप आला की गेटवर कुणी बाई आली आहे. तीच होती. सोबत नामा, अजून अशक्त पण चालत आलेला. तिनं पुन्हा तेच विचारलं. “त्या दिशी तू बोलला न्हाईस. मारुती कुठं भेटला?”

खरं सांगायची वेळ होती. थाप मारली होती, बाई, नोकरीसाठी. एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही.

“इथंच. गेटवर.”

“काय म्हनला?”

“नामाला बघा म्हणाला.”

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “जायच्या आधी चार दिस त्याची वाचा गेली हुती. नुसता नामाकडं हात करायचा. आमाला कळंना. आता बोलाया लागला म्हनायचा.” तिनं गेटच्या खांबावरून दोनदा हात फिरवला आणि नामाला धरून ती निघाली. मी वॉचमनच्या स्टुलावर बसून राहिलो. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

पुढे तीस वर्षं मी कपाटातल्या लेबलांवर सह्या केल्या. गावातून आणलेलं झाड कोणत्या रोग्यासाठी काढलं होतं, याची लेबलावर एक ओळ असे; नाव ठाऊक नसेल तर ती ओळ मी कोरी सोडायचो. त्यावरून तीन साहेबांची बोलणी खाल्ली. ओळ भरून टाका, कोण विचारायला येतंय, असं ते तिघंही म्हणाले.